खोकल्याच्या औषधाचं झाकण

अक्का,

ते काय होतं ते सापडलं.

तुम्ही असतात तर मी एवढंच वाक्य बोलले असते आणि तुम्ही परातीतले हात तसेच घेऊन उठला असतात. मला फार बोलता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. माझं माहेर धुळ्याचं, म्हणून आल्यागेल्याला तुम्ही सांगायचात, "सून धुयाची केली, पन जिभेच्या जागी कुलूप निंघालं." म्हणून लिहिते आहे. लिहिण्याचीही तशी सवय नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, तिथे लिहायचं ते बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर. तुम्हाला ठाऊक असलेलंही यात पुष्कळ येईल. पण ही गोष्ट घरात आपल्या दोघींनाच माहीत होती, आणि तुम्ही गेल्यापासून ती मी एकटीच सांभाळते आहे. एकदा सलग लिहून पाहावं असं वाटलं.

दिवाळीच्या आधी आपल्या गल्लीतल्या घराघरातून मैदा, तूप आणि पिठीसाखर बिस्किटांसाठी पावाच्या भट्टीवर जायची. तुम्ही त्या गर्दीत कधी गेला नाहीत. "दिवायीत भट्टीवाला कोनाचंच धड भाजत नाही, नुसतं गरम करून देते," असं तुमचं मत. तुमची बिस्किटं नाताळच्या सुट्टीत. थंडी पडलेली, पोरांना शाळा नाही, ताई लेकरांना घेऊन धरणगावहून माहेरी आलेल्या, अशा वेळी. सकाळी तुम्ही खलबत्त्यात सुंठ, मिरी, लवंग, जायफळ आणि वेलची कुटायला बसायचात, आणि त्यात मिरी इतकी असायची की शेजारच्या घरात शिंका सुरू व्हायच्या. शिंका आल्या की लोक घरात बसूनच म्हणत, "अक्काची बिस्किटं आज."

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी मैद्याची चाळणी हातात घेऊन विचारलं होतं, "बठ्ठा मैदा चाळू?" तुम्ही म्हणालात, "बठ्ठा तुह्या धुयाला. इथी सगया चाय." मी सगळा चाळला. मग तुम्ही तूप फेसायला घेतलंत, आणि ते परातीत इतकंसं बघून मी बोलायला नको होतं ते बोलले. म्हटलं, आमच्याकडे तूप थोडं जास्त घालतात, खुसखुशीत होतात. तुम्ही हात थांबवला. माझ्याकडे बघितलं नाहीत, परातीकडेच बघून बोललात. "खुसखुशीत म्हंजे काय? तोंडात टाकलं का इरघयलं. खाल्लं का नाही खाल्लं ते बी समजत नाही. बिस्कीट कसं पाह्यजे, दातानं म्हनलं पाह्यजे का आज काम केलं." त्या दिवसानंतर मी बिस्किटांविषयी मत दिलं नाही. तुमच्या बिस्किटांनी दातांना काम मात्र दिलं. चहात सोडलं तर ते तुटून पडायचं नाही, दगडासारखं सरळ तळाला जाऊन बसायचं आणि चहा संपला तरी जसंच्या तसं बाहेर यायचं. आबा ते वरवंट्याने फोडून खायचे, आणि तुम्ही समोर असलात की खिशात ठेवायचे.

ताईंच्या सासूबाई, तुमच्या विहीणबाई, त्या बिस्किटांना "अक्काचे खडे" म्हणत. ताईंनी बिचाऱ्यांनी ते तुम्हाला कधी सांगितलं नसतं, पण त्यांच्या धाकट्याने सांगितलं, जेवताना, सगळ्यांसमोर. तरी तुम्ही दरवर्षी धरणगावला डबा पाठवलात. मला वाटतं, मुद्दामच पाठवलात.

त्या वर्षीचं आता लिहिते. भट्टीवर एका वेळी दहा घरांचे पत्रे आत जायचे आणि बिस्किटं सगळ्यांची सारखीच गोल, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण असायची. कोणी कंगव्याच्या दात्यांनी रेघा ओढायचं, कोणी बोटात घालायचं शिवणाचं टोपण दाबायचं. आपल्याकडे तुमच्या लग्नातल्या आबांच्या कोटाचं पितळी बटण होतं. त्या वर्षी पीठ मळून झालं, गोळे झाले, आणि तुम्ही म्हणालात, "बटन आन वं." मी कपाट उघडलं तर कोट नव्हता. तुम्ही दारातच उभ्या राहिलात आणि तुमचा चेहरा बदलला. दिवाळीला बोहारीण आली होती. तुम्ही तिच्याशी अर्धी सकाळ घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं घेतलं होतंत आणि वर "कशी मुंडी पिरगायली तिची" असं आम्हाला सांगितलंही होतंत. कोट त्या गाठोड्यात गेला होता, बटणांसकट. आबा खाटेवरून म्हणाले, "मंग आता पातेलं दाबा बिस्किटावर." तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत तसे ते पुन्हा पेपर वाचायला लागले.

त्या हिवाळ्यात सगळ्या गावाला खोकला होता. चौकातल्या डॉक्टरांकडे काहीही दुखतंय म्हणून गेलं तरी कंपाउंडर तीच लाल औषधाची बाटली हातात द्यायचा. आपल्याही फडताळात एक होती. तुम्ही तिचं झाकण काढलंत, पदराला पुसलंत आणि एका गोळ्यावर दाबून पाहिलंत. कडेच्या दात्यांमुळे छान सूर्यासारखा ठसा उठला. "पाह्य, बटनापेक्षा चांगलं," तुम्ही म्हणालात. गावातल्या निम्म्या घरांत तेच झाकण आहे, हे त्या घटकेला आपल्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी भट्टीवरच्या चाचांनी डबा माझ्या हातात दिला. "ये लो, अक्काके. झाकणवाले." मी घेऊन आले. तुमची रीत अशी की आधी गल्लीत द्यायचं, मग धरणगावचा डबा भरायचा, मग घरच्यांनी खायचं, आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी. म्हणून झालं काय, की तुमच्या तोंडात एक कणही जायच्या आधी बिस्किटं सगळीकडे पोचली होती. दुसऱ्या दिवशी ताई परत गेल्या. त्याच दुपारी समोरच्या आजी, ज्यांनी नवीन कवळी बसवली होती, काठी टेकत आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "अक्का वं, इतक्या वरसांत पयल्यांदा तुहं बिस्कीट मी कवयीनं खाल्लं! आसं कसं केलं यंदा?" तुम्हाला आधी ते आवडलं. मग जरा कमी आवडलं. त्या गेल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हतारीले काय समजते."

मग फोन वाजला. धरणगावहून विहीणबाई स्वतः बोलत होत्या. मी शेजारीच उभी होते आणि त्यांचा आवाज मोठा, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "विहीनबाई, अवंदा मानलं तुम्हाले. पोरं डबा सोडत नाहीत. मीच तीन खाल्ले. अस्सं करत जा दरसाल." तुम्ही "हो, हो" म्हणालात आणि फोन ठेवला. मग फडताळातला डबा काढलात, एक बिस्कीट घेतलंत आणि पायरीवर जाऊन बसलात. मी दारातून बघत होते. तुम्ही ते चावलंत आणि ते सहज तुटलं. तुम्ही थांबलात. उरलेलं नाकाशी धरलंत. पुन्हा चावलंत.

"हे मायं नाही," तुम्ही म्हणालात.

मी येऊन तुमच्या शेजारी पायरीवर बसले.

"दुसऱ्याचा डबा आला वं. कोनाले सांगू नको. तुह्या नवऱ्याले बी नाही." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "चांगलं हाये पन मेलं."

त्या दिवसापासून आपल्या दोघींचं जरा जमायला लागलं, हे मला आता लिहिताना जाणवतं. त्याआधी मी सून होते. त्यानंतर मी गुन्ह्यातली भागीदार झाले.

पहिले काही दिवस तुम्ही घाबरून होतात. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा आला म्हणजे आपला दुसऱ्याकडे गेला. ते घर भट्टीवर जाऊन भांडणार, चाचा आपल्याकडे येणार, गल्लीला कळणार आणि तिथून धरणगाव काही लांब नाही. दार वाजलं की तुम्ही मला पुढे पाठवायचात. कोणीच आलं नाही. मकरसंक्रांत तोंडावर आली तरी आलं नाही. तेव्हा तुम्ही मान ताठ केलीत. तीळ भाजताना एकदम म्हणालात, "तक्रार नाही केली त्यायनं. म्हंजे काय?" मी म्हटलं, "काय?" "म्हंजे मायी आवडली त्यायले! माणसाले गोड लागलं का तो गप बसते. त्यायचं मी खाल्लं, मी बोलली का? मंग?" हे तुम्हाला पुढे फार उपयोगी पडलं. कधीही मन खट्टू झालं की तुम्ही तेच काढायचात, की जळगावात कुठेतरी एक घर आहे, त्यांनी माझी बिस्किटं खाल्ली आणि हूं की चूं केलं नाही. ते घर तुमचं फार लाडकं झालं होतं.

पण पुढचा हिवाळा यायचा होता, आणि विहीणबाईंनी "अस्सं करत जा" म्हटलं होतं. त्या बिस्किटांत काय होतं ते कळायला हवं होतं. खुसखुशीतपणा तूप वाढवून आला असता, आणि तुम्ही तूप वाढवायला तयार झालात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अडलं होतं ते वासाशी. "वास ओयखीचा हाये," तुम्ही म्हणायचात, "मी हा वास घेते. नेहमी घेते. पन घरात कुठी घेते ते ध्यानात येत नाही."

तुम्ही मला चाचांकडे पाठवलंत. "सरय इचारू नको. गोल गोल इचार." मी गोल विचारण्यात किती हुशार, ते तुम्हाला माहीत होतंच, तरी पाठवलंत. मी जाऊन म्हटलं, "चाचा, त्या दिवशी आमच्याबरोबर अजून कोणाचे पत्रे होते?" चाचांचा हात पावावरच राहिला. "क्यूं बाई? किसीने कुछ बोला?" "नाही." "कुछ नहीं बोला ना? फिर ठीक है." मी पाव घेतले आणि घरी आले. तुम्ही पायरीवर वाट बघत होतात. "काय म्हने?" "पाव ताजे आहेत म्हणाले." तुम्ही कपाळाला हात लावलात.

मग तुम्हाला माझी नोकरी आठवली. "तू प्रयोगशायेत जाते ना? मंग शोध." मी खरंच एक बिस्कीट डब्यातून शाळेत नेलं, अक्का. विज्ञानाच्या सरांना म्हटलं, घरचं आहे, जरा तपासायचं आहे. त्यांनी चूर्णावर आयोडीनचे थेंब टाकले. ते काळंनिळं झालं. सर म्हणाले, "पिष्टमय पदार्थ आहे." मी घरी येऊन सांगितलं, "मैदा आहे." तुम्ही मला नीट पाहिलंत आणि म्हणालात, "याच्यासाठी सरकार पगार देते?"

त्यानंतरचे हिवाळे मला त्या त्या मसाल्याच्या नावाने आठवतात. एक बडीशेपेचा. एक शहाजिऱ्याचा. चक्रीफुलाच्या वर्षी घरभर काढ्याचा वास होता. किराणावाल्याच्या दुकानात तुम्ही एकेक बरणी उघडायला लावून नाकाशी धरायचात, आणि तो म्हणायचा, "अक्का, घ्या काहीतरी. नुसत्या वासानंच माझा माल हलका व्हायला लागला." दगडफुलाच्या वर्षी मात्र कहर झाला. ते आपल्या काळ्या मसाल्यात जातं, बिस्किटात जात नाही, हे कोणालाही कळलं असतं, पण तुम्ही तोवर कोणाचंही ऐकण्याच्या पलीकडे गेला होतात. विहीणबाईंचा फोन आला. "विहीनबाई, बिस्किटं मियाली. शेवभाजी बी पाठवली असती तं जेवन झालं असतं." तुम्ही फोन ठेवलात आणि मला म्हणालात, "हसू नको." मी हसत नव्हते. मग तुम्हीच हसायला लागलात. आपण दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हसलो, आणि आमचे हे येऊन विचारायला लागले की काय झालं, तर तुम्ही म्हणालात, "बायकायचं हाये, तू जाय."

शेवटच्या आजारपणात तुम्ही मला जवळ बोलावलंत, उशीखाली हात घातलात आणि रुमालात बांधलेलं काहीतरी माझ्या मुठीत दिलंत. ताई समोर होत्या. त्यांना वाटलं, पाटल्या. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. तुम्ही म्हणालात, "कोनाले सांगू नको." मी बाहेर येऊन रुमाल सोडला तर आत ते झाकण. ताईंनी पुढे दोन वर्षं माझ्याशी जरा तुटक बोलणं ठेवलं. त्यांना झाकण दाखवलं असतं तर विश्वास बसला नसता, आणि बसला असता तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प राहिले. ते मला येतं.

आता या हिवाळ्याचं. तुमच्या नातवाचं लग्न झालं. त्याला सजवलेल्या मोटारीतून जायचं होतं, पण यांनी हट्ट धरला की आपल्या घरातला नवरदेव घोडीवरच बसेल. घोडी ठरवायला आम्ही दोघं गावाच्या कडेला एका घरी गेलो. पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या घोड्या पाळणारं घर आहे. यांना त्या घरातल्या मुलाने अंगणात घोडी दाखवायला नेलं, आणि त्याच्या म्हाताऱ्या आईने, सगळे त्यांना खाला म्हणतात, मला आत बसवलं. चहा आला. बशीत बिस्किटं होती. "लो बाई, घरचे हैं," खाला म्हणाल्या. मी एक उचललं आणि चावलं.

अक्का, मी चहाचा कप खाली ठेवला. इतक्या वर्षांनी चव ओळखू येईल असं मला वाटलं नव्हतं. पण दगडफुलाच्या, चक्रीफुलाच्या अशा प्रत्येक हिवाळ्यात तुम्ही ती चव माझ्याकडून आठवून घेतली होती. मी सरळच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा गोल न विचारता. "यात काय घालता?"

"कुछ नहीं. इलायची, आणि संत्र्याची साल. सावलीत वाळवायची, कुटायची, बस. माझ्या सासूची रीत आहे."

संत्र्याची साल. तुमच्या उटण्यातली. न्हाणीघरातल्या कोनाड्यात, शिकेकाईच्या शेजारी, निळ्या झाकणाच्या डब्यात होती ती. हिवाळाभर रविवारी तुम्ही ती दुधात कालवून तोंडाला लावायचात, आणि तोंड धुऊन, गाल लाल करून, सरळ स्वयंपाकघरात येऊन कुठला मसाला असेल म्हणून डोकं धरून बसायचात. किराणावाल्याच्या सगळ्या बरण्या हुंगल्यात. तो वास तुमच्या गालांवर होता.

मी खालांना विचारलं, "तुमची बिस्किटं भट्टीवर जायची का?" खालांनी सांगितलं की जायची, त्याच चाचांकडे, आणि एका वर्षी तर डबाच बदलला होता. "खूण म्हणून खाँसी की बोतल का झाकण दाबलं होतं. आणखी कोणीतरी तेच दाबलं असेल. सगळ्यांना खोकला होता ना त्या साली." त्यांनी त्याच्या पुढेही सांगितलं. ते मी नंतर लिहीन, धीर झाला तर.

घरी आल्यावर मी संत्री आणली. साली वाळवल्या. आता घरातच छोटी भट्टी आहे, विजेची, एका वेळी दोन डझनही मावत नाहीत. रुमालातलं झाकण काढून दाबलं. लग्नाला विहीणबाई आल्या होत्या. आहेत अजून, हो. ऐकू कमी येतं, बाकी सगळं जागेवर आहे. मी बशी पुढे केली. त्यांनी खाल्लं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अक्काले बी एकदाच जमलं होतं आसं. एकच साल. पन काय जमलं होतं!" मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "अक्कांचीच पद्धत आहे." त्यांनी मान हलवली. तेव्हा तुमचं नाव धरणगावात शाबूत आहे. आमचे हे दोन खाऊन म्हणाले, "आईच्या हातची चव." मी पाणी आणायला आत गेले.

इथे थांबले तर हे पत्र चांगलं होतं. पण तुमचं ते लाडकं घर, ज्याने तक्रार केली नाही, ते मी शोधून काढलं आणि त्याविषयी काहीच लिहिलं नाही, असं कसं करू?

मी खालांना विचारलं होतं, मग तुमच्याकडे दुसऱ्यांची आली ती कशी होती?

"तौबा!" खाला म्हणाल्या. "बाई, मिरीच मिरी. माझ्या मालकांचा दात हलला. माझ्या लेकीच्या सासरी पाठवायचे होते, मी म्हटलं नको, लेकीला नांदायचं आहे."

"मग काय केलं?"

"फेकायचे कसे? अन्न आहे. आणि तेव्हा आमची घोडी खोकत होती. ऐन लग्नाचा मोसम आणि घोडी खोकते, नवरदेव वर बसून हलतोय. मी विचार केला, यात सुंठ आहे, मिरी आहे, लवंग आहे, घोडीला खोकल्यावर आम्ही दुसरं काय देतो? रोज दोन-चार घालत गेले. क्या खाती थी वो! डबा वाजला की खिंकाळायची. डबा संपला, खोकला पण संपला. पुढच्या वर्षी मीच चाचाला म्हटलं, वो वाले फिर मिलेंगे क्या? त्याला वाटलं मी टोमणा मारते. बिचारा माफी मागायला लागला."

मी खालांना सांगितलं नाही की ती कोणाची होती. पुष्कळदा ओठांवर आलं. मी म्हटलं, "चहा छान झालाय."

तुम्हाला कळवायचंच असतं तर मी एवढंच लिहिलं असतं: अक्का, ते घर सापडलं. तुमची बिस्किटं त्या घरी फार आवडली. एकही टाकलं नाही. डबा वाजला की आनंद व्हायचा. खोकलाही गेला. पुढच्या वर्षी पुन्हा मिळतील का म्हणून विचारायलाही गेले होते. यातलं एक अक्षर खोटं नाही. पण मी आता सगळंच लिहून बसले, तेव्हा हे पत्र घडी करून त्या निळ्या झाकणाच्या डब्यात ठेवते. उटणं आता कोणी लावत नाही, तिथे कोणी बघायचं नाही.

एक राहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी मी दुसरा घाणा केला, तुमचा. तूप तुम्ही घालायचात तेवढंच, मिरी तुम्ही घालायचात तेवढी, शेजारी शिंकले. वरातीच्या आधी कोणी बघत नाही असं पाहून दोन घोडीपुढे धरली. ही त्याच घोडीची नात आहे, खाला सांगत होत्या. तिने खाल्ली, आणि माझी बाही हुंगली. बाकीची डब्यात आहेत. रोज दुपारी मी एक घेते, चहात सोडते, ते तळाला जाऊन बसतं, आणि चहा संपल्यावर बाहेर काढून हळूहळू चावत बसते. मला खोकला नाही, अक्का.